बारा तासांची पाळी आणि ‘कामचोरी’चा ठपका

मालेगावच्या एका मशिदीत काही वर्षांपूर्वी ऐकलेले जुम्याचे बयान अजून डोक्यातून गेलेले नाही. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, हा मौलाना साहेबांचा विषय होता. रात्र रात्र जागू नका, गुटखा खाऊ नका, चहावर चहा पिऊन भूक मारू नका. या देहाचाही हिशेब द्यावा लागणार आहे, असे ते तळमळीने सांगत होते. बोलण्यात खोट काहीच नव्हती. माझ्या बाजूला भिंतीला टेकून एक तरुण बसल्या बसल्या झोपला होता. केसांत आणि कानाच्या पाळीवर सुताचे पांढरे तंतू तसेच होते. गुरुवारची रात्रपाळी संपवून तो थेट वुजू करून आला असावा. नमाज झाल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर तो पुन्हा भेटला. बयान कसे वाटले, असे विचारले तर म्हणाला, “मौलाना सही बोले. पर जागेंगे नहीं तो मीटर कौन भरेगा?”

मीटर म्हणजे कापडाचे मीटर. यंत्रमागावर मजुरी तासाला मिळत नाही, विणलेल्या कापडाला मिळते. तागा तुटला, बीम संपला, वीज गेली, तर तो वेळ मजुराच्या खात्यात. मालेगाव काय, भिवंडी काय, पाळी बारा तासांची. आठवड्याचे सहा दिवस धरले तर बहात्तर तास होतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी देशातील तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे म्हटले, तेव्हा वर्तमानपत्रांतून मोठा वाद झाला. आमचा विणकर तो वाद वाचत नव्हता. तो दोन तास पुढेच होता.

त्या वादात दोन प्रकारची उत्तरे पुढे आली. एक बाजू म्हणाली, कष्टाशिवाय देश उभा राहत नाही. दुसरी बाजू म्हणाली, स्वतःला जपा, नाही म्हणायला शिका, वेळेवर झोपा. वरवर पाहता ही मते परस्परविरोधी वाटतात, पण दोघांनीही चेंडू टोलवला तो काम करणाऱ्याच्याच अंगणात. कमी काम केले तर तो कामचोर आणि जास्त काम करून झिजला तर स्वतःच्या जिवाशी बेफिकीर. हे दुहेरी आरोपपत्र नवे नाही. ते मुंबईत सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी लिहिले गेले. ज्यांच्यावर ते ठेवले गेले त्यांत आपले मोमीन, जुलाहे, अन्सारी मोठ्या संख्येने होते. म्हणून ही हकीकत आपण आपल्या घरची म्हणून वाचली पाहिजे.

कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि १८५६ मध्ये सुरू झाली. तिथे कामाचे तास घड्याळाने नव्हे, सूर्याने ठरत. उजाडले की भोंगा, अंधारले की सुटी. मुंबईत डिसेंबरचा दिवस अकरा तासांचा असतो आणि जूनचा सव्वातेरा तासांचा; गिरणी कामगाराचा दिवस त्या मापाने लांबे किंवा आखडे. आठवड्याची सुटी नाही. सणावाराला गिरणी बंद असली तरी यंत्रे साफ करायला अर्धा दिवस बोलावले जाई. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थाने १८७८ साली मुलांच्या आणि बायकांच्या कामाला मर्यादा घालणाऱ्या कायद्याचा मसुदा तयार केला. १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा आला, पण त्याने फक्त सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. प्रौढ माणूस किती तास राबतो यात सरकारला लक्ष घालण्याचे कारण नाही, तो स्वतःचे पाहून घेईल, असे तेव्हाचे तत्त्वज्ञान होते. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना हिंदी गिरण्यांना लगाम हवा होता, हेही खरेच. त्याचा फायदा घेऊन इथल्या मालकांनी कायद्याला विरोध करणे म्हणजे देशभक्ती असे चित्र उभे केले. राष्ट्रीय बाण्याची मराठी वृत्तपत्रेसुद्धा त्या सुरात सूर मिसळत होती.

या सुराच्या बाहेर उभा राहिलेला माणूस म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले, ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या अगदी साध्या होत्या. रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जायबंदी झाल्यास काही भरपाई. सहा वर्षे त्या पडून राहिल्या. २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगार जमले, दोन बायकाही त्या सभेत बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज रविवारी उशिरा उठणाऱ्या मराठी माणसाला, मग तो मुसलमान असो की हिंदू, ही सुटी इंग्रजांनी चर्चसाठी दिली असे वाटते. ती मागून, सभा घेऊन, सह्या गोळा करून मिळवावी लागली आहे. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर सलोख्यासाठी खपलेला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये गेलेला हा माणूस आपल्या मुस्लिम वाचकांना अजून पुरेसा माहीत नाही, याची खंत वाटते.

१८९१ च्या दुरुस्तीने बायकांसाठी अकरा तास, नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात तास अशी मर्यादा आली. साप्ताहिक सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात लिहिली गेली. पुरुषाच्या तासांना मात्र अजूनही हात लागला नव्हता. आणि मग आली वीज.

विजेचा दिवा ही प्रगती आहे असे आपण शाळेत शिकतो. गिरणीतल्या माणसाला तो दिवा काय घेऊन आला, हे पुस्तकात नसते. सूर्य मावळला की सुटका होणार, ही निसर्गाने दिलेली एकच हमी होती, ती दिव्याने काढून घेतली. १९०५ च्या सुमारास कापडाला तेजी होती. दिवे लागलेल्या गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. त्या वर्षी कामगारांनी संध्याकाळी काम बंद व्हावे म्हणून गिरण्या सोडल्या, दगडफेकही झाली. ‘टाइम्स ऑफ इंडिया’सारख्या पत्राने या तासांविरुद्ध लेख लिहिले. मालकांची बाजू अशी होती की, कामगार स्वतःच जास्त तास थांबायला तयार आहे, त्याला जास्त पैसे हवे आहेत, आम्ही कोण अडवणार?

हे वाक्य नीट ऐकण्यासारखे आहे. त्याला स्वतःलाच हवे आहे, हा युक्तिवाद पुढच्या शंभर वर्षांत शेकडो वेळा ऐकू येतो. विणकराच्या बाबतीत तर तो सर्वांत सोपा, कारण सूतखात्यातले कामगार रोजावर वा महिन्यावर असत, तर माग चालवणारा विणकर नगावर, कापडाच्या वजनावर. त्याच्यावर वेगळा मुकादम नेमण्याची गरजच नाही. तो स्वतःचा मुकादम. पोट मोठे असेल, घरी उत्तरेत पैसे धाडायचे असतील, बहिणीचे लग्न असेल, तर तो स्वतःच स्वतःला हाकतो. शिवाय कापड खराब निघाले तर ते ठाण त्याच्याच माथी मारून किंमत पगारातून कापायची, असा रिवाज होता. पुढे १९२०-३० च्या दशकांतल्या संपांत या कपातीविरुद्ध वारंवार मागणी झाली.

हे विणकर कोण होते? रत्नागिरी-साताऱ्याचे मराठे होते आणि त्यांच्याबरोबर आझमगड, बनारस, अलाहाबाद, मऊ या भागांतून आलेले जुलाहे होते. त्यांचा मोहल्ला मदनपुरा. यंत्राच्या कापडाने आणि १८५७ च्या धामधुमीने गावातला हातमाग मोडला, म्हणून ही माणसे आग्रा रोडने दक्षिणेला उतरली. काही मालेगावला थांबली, काही भिवंडीला, काही थेट मुंबईच्या मागखात्यात. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांवर केलेल्या अभ्यासात या वस्त्यांचे आणि खात्यांचे बारकावे मिळतात. मागखात्यात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होतो असे सवर्णांचे म्हणणे होते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न काढला. आपल्या मुसलमान विणकरांनी त्या वेळी काय केले, त्या दाराला हात लावला की नाही, हा प्रश्नही एकदा विचारावा लागेल. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढेच नोंदवतो की, जो धागा ओढण्यावरून हा सोवळ्या-ओवळ्याचा वाद झाला, त्याच श्वासाबरोबर रुईची धूळ विणकराच्या छातीत जात होती.

आता १९०७-०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनकडे येतो, कारण कामचोरीचा ठपका अधिकृतपणे तिथे बसला. साक्षींमध्ये मालक आणि व्यवस्थापक पुन्हा पुन्हा सांगत होते की, हिंदी कामगार बारा-तेरा तास गिरणीत असतो, पण काम करत नाही. मधेच उठून बिडी ओढतो, आवारात आंघोळ करतो, न्हाव्याकडे दाढी करतो, डबा खातो, शेजाऱ्याला आपले यंत्र बघायला सांगून निघून जातो. त्यामुळे तास कमी करून उपयोग नाही; त्याची वृत्तीच तशी. कमिशनच्या बहुमताला हे पटले. प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा नको, असे त्यांनी म्हटले.

एका सदस्याने मात्र वेगळे मत लिहून दिले. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर. व्यवसायाने डॉक्टर. पुढे ते जस्टिस पक्षाच्या संस्थापकांपैकी एक झाले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, तुम्ही कार्याला कारण समजता आहात. माणूस रेंगाळतो म्हणून तास लांब ठेवावे लागतात असे नाही, तास लांब आहेत म्हणून माणूस रेंगाळतो. सलग तेरा तास कोणतेही शरीर यंत्राच्या गतीने चालू शकत नाही, ते आपली विश्रांती चोरूनमारून मिळवणारच. बिडीच्या निमित्ताने उठणे ही आळसाची खूण नाही, शरीराने स्वतःला वाचवण्याची ती धडपड आहे. एका डॉक्टरने माणसाच्या देहाकडे देह म्हणून पाहिले, एवढाच फरक. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. डॉ. नायर अल्पमतात होते, पण कायदा त्यांच्या दिशेने सरकला. सन २००० नंतरच्या आपल्या कुठल्याही यंत्रमाग शहराच्या दृष्टीने पाहिले तर १९११ सालचा तो कायदाच अजून गाठायचा बाकी आहे, असे म्हणण्याची पाळी येते.

पुढचे टप्पे भराभर सांगतो. १९२० च्या जानेवारीतील मोठ्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तास झाले. १९२२ च्या कायद्याने दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तास, १९३४ च्या कायद्याने दहा आणि चोपन्न. १९२८ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप झाला. त्याच्या मुळाशी असलेल्या कारणांत विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत ही मालकांची योजना होती. म्हणजे तास कमी झाले तर त्याच तासांत काम दाटवायचे. १९४६ मध्ये आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेब आंबेडकरांकडे असतानाचा हा बदल. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस हे प्रमाण पक्के केले. पासष्ट-सत्तर वर्षांत तेरा तासांवरून इथवर येणे ही लहान गोष्ट नव्हती. यातला एकेक तास संपाने, उपाशी राहून मिळवलेला आहे.

आणि हे सगळे घडत असताना मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी दुसऱ्याच वाटेने चालली होती.

मालेगावचा हातमाग घरातला होता. खड्ड्यात पाय सोडून बाप माग चालवायचा, आई कांड्या भरायची, पोरे सूत सोडवायची. याचे सोनेरी चित्र रंगवण्यात अर्थ नाही. लगीनसराईत आणि ईदेच्या आधी तिथेही रात्री जागवल्या जात, सावकाराची उचल डोक्यावर असे, कांड्या भरणाऱ्या बाईचे श्रम तर कोणत्याच हिशेबात धरले जात नसत. तरी एक गोष्ट वेगळी होती. समाजशास्त्रज्ञ दीपक मेहता यांनी बाराबंकीच्या अन्सारी विणकरांवर १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ‘मुफीदुल मोमिनीन’ नावाच्या एका पोथीची माहिती दिली आहे. विणकामाची कला पैगंबरांच्या परंपरेतून आपल्यापर्यंत आली अशी त्यात श्रद्धा आहे आणि मागावरच्या कामाच्या निरनिराळ्या टप्प्यांना दुआ जोडलेल्या आहेत. म्हणजे काम हे जिक्रच्या लयीत बांधलेले होते. अजान झाली की माग थांबे, कारण माग माणसाच्या पायाने चाले. हात-पाय थांबले की यंत्र थांबले.

१९३० च्या आसपास या गावांत विजेवरचे माग येऊ लागले. इचलकरंजीत ते १९०४ पासून होते. बरेचसे माग मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले, जुने. सुरुवातीला चार-दोन मागांचा मालक स्वतःच विणकर. मग तो सेठ झाला, आणि त्याच्या गावाकडचा, त्याच्या जमातीचा, कधी त्याच्या नात्यातला माणूस मजूर झाला. फॅक्टरी कायदा वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा किंवा अधिक कामगार असतील तरच लागू होता. त्याला आमच्याकडे उत्तर तयार होते. एकाच छपराखालचे चोवीस माग कागदावर चार जणांच्या नावे. एक स्वतःच्या, एक भावाच्या, एक बायकोच्या, एक मोठ्या मुलाच्या. मधे पत्र्याची आडभिंत घातली तर घातली, नाही तर नाही. डग्लस हेन्स यांच्या पश्चिम भारतातील छोट्या शहरांच्या भांडवलशाहीवरील २०१२ च्या पुस्तकात विणकर-मालकांच्या या जगाची तपशीलवार हकीकत आहे. १९६४ मध्ये अशोक मेहता समितीने यंत्रमागांचा अहवाल दिला. माग वाढतच गेले.

मग १८ जानेवारी १९८२ आला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप मागे घेतला असे कोणी कधी जाहीर केले नाही, तो विरून गेला. गिरण्यांनी आपले कापड भिवंडीला विणून घ्यायला सुरुवात केली. गिरणीतून बाहेर पडलेले काही विणकर त्याच कापडामागे भिवंडीला गेले. लालबाग-परळला आठ तासांची पाळी, प्रॉव्हिडंट फंड आणि भरपगारी रजा सोडून आलेला माणूस भिवंडीत बारा तासांच्या पाळीवर, चार-सहा मागांवर, मीटरच्या मजुरीवर उभा राहिला. लोखंड्यांपासून जे कमावले होते ते पन्नास किलोमीटरही न जाता वाटेत सांडले. भिवंडीच्या खोल्यांत एकाच गादीवर दिवसपाळीवाला रात्री आणि रात्रपाळीवाला दिवसा झोपतो. बिसीत दोन वेळ जेवण, उरलेला वेळ लूम. पंधरा-वीस वर्षांत ऐकू कमी येते, खोकला जडतो, क्षयाचे नाव निघते. मग गावाला परत. त्याच्या जागी पुतण्या येतो.

२००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात तर वेगळाच खेळ झाला. वीज गेली की मजूर कारखान्यातच बसून राहायचा, कारण ती कधी येईल ठाऊक नाही. बसलेल्या वेळेची मजुरी नाही. आली की हरवलेले मीटर भरून काढण्यासाठी तो जेवणही टाळायचा. त्या काळात मी एका ओळखीच्या कारखानदाराला म्हटले, “हाजीसाब, यांना बसल्या वेळचे काहीतरी द्या.” त्यांनी मला वही दाखवली. सूत मुंबईच्या व्यापाऱ्याचे, कापड त्याचेच, यांना मिळते फक्त विणाईची मजुरी, तीही महिना-दोन महिन्यांनी. ते म्हणाले, “मैं भी तो मजदूर ही हूं, भाई.” ते खोटे बोलत नव्हते. पण अर्धे खरे हेही आहे की, त्याच वर्षी त्यांनी मशिदीच्या कामाला मोठी रक्कम दिली होती आणि त्यांचे नाव संगमरवरावर कोरले गेले होते. व्यापारी बाजाराकडे बोट दाखवतो, सेठ व्यापाऱ्याकडे, मजूर नशिबाकडे. आणि मौलाना साहेब मजुराकडे.

इथे मला त्या बयानाकडे परत यावे लागते. देहाचा आपल्यावर हक्क आहे, ही शिकवण हदीसमध्ये आहे, यात शंका नाही. पण ती कोणाला दिली गेली ते पाहिले पाहिजे. ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) रोज रोजा ठेवत आणि रात्रभर नमाज पढत. कोणी सक्ती केली नव्हती. ते स्वखुशीने स्वतःला झिजवत होते. त्यांना पैगंबरांनी (स.) आवरले, शरीराचा, डोळ्यांचा, पत्नीचाही हक्क असतो याची आठवण दिली. स्वतःच्या मर्जीचा मालक असलेल्या माणसाला दिलेला तो उपदेश आहे. दुसरी हदीस ह. अबू जर (रजि.) यांच्याकडून आलेली. तिचा रोख ज्याच्या हाताखाली दुसरी माणसे आहेत त्याच्याकडे आहे. त्यांच्यावर ताकदीबाहेरचे काम टाकू नये, टाकावेच लागले तर स्वतः हात लावावा, असा तिचा आशय. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची शिकवण तर सर्वांना पाठ आहे. माझा आक्षेप एवढाच की, आमच्या मिंबरांवरून मजुराला पहिली हदीस ऐकवली जाते आणि दुसरी क्वचित. पहिल्या सफमध्ये कोण बसते याच्याशी त्याचा संबंध असावा, असे मला वाटते; कोणाला हे कडू वाटले तर माझा इलाज नाही.

याचा अर्थ मजुराकडे काहीच जबाबदारी नाही असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे त्याला मागाचा एक सुटा भाग मानणे झाले. गुटख्याची पुडी तो स्वतः फोडतो. चारांऐवजी सहा माग द्या, असे तो स्वतः सेठला म्हणतो आणि शेजारच्याच्या पोटावर त्यामुळे पाय येतो. लग्नात ऐपतीबाहेर खर्च करून उचल घेतो आणि मग दोन वर्षे त्या उचलीने बांधला जातो. युनियनचे नाव काढले की घाबरतो, जमातीत वाकडे नको म्हणतो. हा हिशेब त्यालाही द्यायचा आहे. पण १८८४ च्या साडेपाच हजार सह्यांनी एक गोष्ट दाखवून दिली होती. एकट्या माणसाने ‘मी आज कमी तास काम करीन’ असे ठरवले तर त्याची फक्त नोकरी जाते. तेच दहा हजारांनी मिळून म्हटले की रविवार मिळतो. स्वतःच्या देहाची जबाबदारी घेण्याचा त्या कामगारांना सापडलेला मार्ग हा होता. त्यात आपले लोक होते, मराठे होते, बायका होत्या.

मालेगावचा शुक्रवार याच जातीचा आहे. तो कोणत्या कमिशनने दिला नाही, कोणत्या इन्स्पेक्टरने लादला नाही. सूरह जुमुआत नमाजेच्या वेळी खरेदी-विक्री सोडण्याचा आदेश आहे, पूर्ण दिवस बंद ठेवण्याचा नाही. नमाज संपल्यावर रोजी शोधायला पांगण्याची मुभाच आहे. तरीही या शहरात शुक्रवारी माग थांबतात. सगळ्यांचे थांबतात, म्हणून कोणा एकाचे नुकसान होत नाही. त्या दिवशी विणकर नहातो, धुतलेले कपडे घालतो, संध्याकाळी सिनेमा पाहतो. २००८ सालच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात ही शुक्रवारची गर्दी आहे, आणि यंत्रमागावर राबणारा एक किडकिडीत विणकर सुपरमॅन झालेला आहे. सेठ आणि मजूर दोघांनी मिळून पाळलेला हा एक नियम. जे शहर एवढे करू शकते ते बारा तासांच्या पाळीबद्दल काही करू शकत नाही, हे मला पटत नाही.

आमच्या घराण्यात माग चालवणारी शेवटची पिढी माझ्या आजोबांची. त्यांचा पणतू, म्हणजे माझा भाचा, पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे रात्री काम करतो. बोटांत धागा नाही, कानात रुई नाही, पगार आजोबांना स्वप्नातही दिसला नसता. ईदेला आला तेव्हा डोळ्यांखाली काळे झाले होते. मी विचारले तर अभिमानाने म्हणाला, “मामू, टार्गेट असते. आमच्या टीममध्ये मी सगळ्यात जास्त थांबतो.” महिन्याभराने त्याला चक्कर येऊन दवाखान्यात ठेवले, आणि तिथून त्याने वरिष्ठाला निरोप धाडला तो माफी मागणारा. मी त्याला मीटरची गोष्ट सांगितली. तो हसला, पण नंतर बराच वेळ गप्प होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम, जास्तीचे काम कामगाराच्या संमतीने आणि जादा मोबदल्याने, असे त्या वेळी सांगण्यात आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ चा फॅक्टरी कायदा जाऊन त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. तिच्यात वीज वापरणारा कारखाना ‘फॅक्टरी’ ठरण्यासाठी दहाऐवजी वीस कामगार लागतात. म्हणजे आडभिंतीच्या पत्र्याचाही खर्च वाचला. ‘संमतीने’ हा शब्द वाचला आणि १९०५ चे मालक आठवले. विणकराची संमती कशी घेतात, हे ज्याला पाहायचे असेल त्याने एखाद्या सकाळी पाळी बदलण्याच्या वेळी मालेगावच्या कुठल्याही गल्लीत उभे राहावे. रात्रपाळीवाला बाहेर येतो, दिवसपाळीवाला आत जातो, दारात दोघे एकमेकांना सलाम करतात, आणि त्या मधल्या मिनिटात माग बंद केला जात नाही.